मावळची वृक्षसंपदा आणि फलाहारी वटवाघळे

दिवेलागणीच्या वेळी इंद्रायणी किंवा पवना नदीच्या खोऱ्यात, जेथे जुने वड, पिंपळ वा चिंच अद्याप उभे आहेत अशा ठिकाणी घटकाभर थांबले, तर फिकट होत चाललेल्या आकाशात मोठ्या पंखांचे प्राणी संथपणे एकामागून एक निघालेले दिसतात. ही फळे खाणारी वटवाघळे होत. रात्रभर ती दूरवर हिंडतात आणि उजाडण्यापूर्वी आपल्या ठरलेल्या झाडावर परत येऊन उलटी लटकतात. पिढ्यान्‌पिढ्या एकच झाड धरून राहणाऱ्या या प्राण्यांची गावाला सवय झालेली असते. परंतु वस्ती वाढली, झाडाखाली दुकाने आली, शाळेची नवी इमारत उभी राहिली, की त्यांची घाण, वास आणि कलकलाट यांविषयी तक्रारी सुरू होतात. मग एके दिवशी ग्रामसभेपुढे किंवा नगरपरिषदेपुढे अर्ज येतो : झाड तोडावे, निदान त्याच्या फांद्या तरी छाटाव्यात.

असा अर्ज निकालात काढणे वरवर सोपे वाटते. पण तोडलेला वड पुन्हा त्या आकाराचा होण्यास तीन-चार पिढ्या लागतात, आणि त्यावरील वसाहत एकदा उधळली की ती परत त्याच गावी येईल याची शाश्वती नसते. म्हणून निर्णय घेणाऱ्याने आधी हा प्राणी कोण, तो करतो काय, त्याच्यापासून धोका कोणता आणि लाभ कोणता, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने उपयोगी पडणारी माहिती या लेखात संकलित केली आहे.

पक्षी नव्हे, सस्तन प्राणी

वटवाघूळ उडते म्हणून त्यास पाखरू समजण्याची चूक आजही होते. वस्तुतः ते आपल्याप्रमाणेच सस्तन आहे. ते पिलास जन्म देते व दूध पाजते. त्याचे पंख पिसांचे नसून, अतिशय लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेल्या पातळ कातडीचे असतात. हातच पंख झालेल्या या गणास प्राणिशास्त्रात काइरॉप्टेरा हे नाव आहे, आणि त्याचा अर्थही ‘हात-पंख’ असाच आहे. उडू शकणारा सस्तन प्राणी जगात हाच एक. उलटे लटकताना त्याला श्रम पडत नाहीत, कारण शरीराच्या भारानेच पायांच्या नखांची पकड घट्ट बसते. झोपेतही ती सुटत नाही.

जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती असून भारतात सुमारे १३० जातींची नोंद झाली आहे. त्यांतील बहुतेक जाती कीटक खाणाऱ्या आहेत. आपल्याकडे अनेक ठिकाणी ज्यांना पाकोळ्या म्हणतात, त्या याच. फळे व मध यांवर जगणाऱ्या जाती भारतात जेमतेम बारा-चौदा आहेत. रक्त पिणारी वटवाघळे केवळ अमेरिका खंडात आढळतात. त्यांच्या तीनच जाती असून आपल्या देशात त्यांपैकी एकही नाही. वटवाघूळ केसांत शिरते, डोळे फोडते, ते दिसल्यास घरात मृत्यू येतो, या समजुतींनाही काही आधार नाही. आंधळेपणाचा आरोप तर अगदीच चुकीचा. फलाहारी वटवाघळाचे डोळे मोठे व तीक्ष्ण असतात आणि पिकलेले फळ ते नजर व वास यांच्या साहाय्यानेच शोधते.

या प्राण्यांच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय वटवाघळांच्या प्रजननावर केलेले संशोधन जगभर प्रमाण मानले जाते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातील एक नमुना तर विशेष प्रसिद्ध आहे. १९४८ मध्ये तमिळनाडूच्या डोंगरांतून आलेले हे वटवाघूळ सामान्य जातीचे समजून ठेवून दिले होते. १९७२ मध्ये कित्ती थोंगलोंग्या या थायलंडच्या प्राणिशास्त्रज्ञाने ते तपासून सर्वस्वी नवी प्रजाती म्हणून जाहीर केले व पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव तिला दिले.

आपल्या परिसरातील तीन जाती

पुणे जिल्ह्यात प्रामुख्याने तीन फलाहारी जाती आढळतात. त्यांची निवासस्थाने निरनिराळी असल्याने त्या ओळखणे फारसे अवघड नाही.

पहिले मोठे वटवाघूळ, शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस. पंख पसरल्यावर त्याची रुंदी सव्वा ते दीड मीटर भरते आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दीड किलोग्रॅमपर्यंत जाते. तोंड कोल्ह्यासारखे असून मानेभोवती पिंगट-सोनेरी केसांची झालर असते. वड, पिंपळ, चिंच, आंबा, अर्जुन, निलगिरी यांसारख्या उंच झाडांवर, बहुधा पाण्याच्या जवळपास, शेकड्यांनी त्यांची उघडी वसाहत असते. दिवसाढवळ्या आपल्या नजरेस पडतात ती हीच, आणि तक्रारीही बहुधा यांच्याच.

दुसरे लहान वटवाघूळ, सायनोप्टेरस स्फिंक्स. हे ओंजळीत मावेल एवढे, चाळीस-पन्नास ग्रॅम वजनाचे असते. ते माडांच्या पानांखाली, उंच अशोकाच्या लोंबत्या फांद्यांत किंवा दाट वेलींत पाच-दहांच्या गटाने राहते. पुणे शहरात या जातीचा झालेला अभ्यास शहरी वटवाघळांच्या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखा आहे. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील एच. आर. भट आणि अमेरिकेचे टॉमस कुंझ यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की या जातीचे वटवाघूळ भेरली माडाच्या फळांच्या लोंबत्या झुपक्यातील मधल्या सरी कुरतडून आत घंटेच्या आकाराची पोकळी तयार करते. हा मांडव नर तयार करतो. त्यात एका नरासमवेत अनेक माद्या व पिले राहतात. भेरली माड हे सह्याद्रीतील झाड बागांतून शोभेसाठी लावले जाते. त्याचा वाळलेला झुपका ‘कचरा’ म्हणून कापला जातो, तेव्हा एक भरले घर मोडले जात असण्याचा संभव असतो, हे माळ्यांनाही ठाऊक नसते.

तिसरे गुहेतील फलाहारी वटवाघूळ, रुसेटस लेशेनॉल्टी. अंधाऱ्या गुहा, पडक्या इमारती, भुयारे व मोठ्या विहिरी यांत ते राहते. काळोखात वाट काढण्यासाठी ते जिभेने टक्‌टक् असा आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंदाज घेते. इतर दोन जातींना ही विद्या अवगत नाही. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांसारखे किल्ले ज्या मावळात आहेत, तेथे अंधाऱ्या कपारींना तोटा नाही. अशा ठिकाणी मशाली पेटवणे, आरडाओरडा करणे वा धूर करणे हे पुरातन वास्तूच्या दृष्टीने जसे गैर, तसेच या प्राण्यांच्या दृष्टीनेही घातक होय.

शहरांत ती का राहतात?

वटवाघळे शहरात ‘घुसली’ असे म्हटले जाते. पुष्कळदा परिस्थिती उलट असते. झाड व वसाहत आधीची आणि घरे मागाहूनची, असे घडलेले असते. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि लोणावळा-खंडाळा ही थंड हवेची ठिकाणे म्हणून वाढू लागली. बंगले उठले तशा त्यांच्या बागाही झाल्या. जुन्या रस्त्यांच्या कडेला वड होतेच. पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यावर तळेगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात वसाहती व दुसरी घरे झपाट्याने उभी राहिली. शेताच्या बांधावरील उंबर व जांभूळ यांची संख्या रोडावली. बागांत मात्र पेरू, चिकू, देशी बदाम, अशोक, सिंगापूर चेरी अशी झाडे आली. उंबर, वड व पिंपळ हे निरनिराळ्या वेळी फळतात, त्यामुळे बारमाही अन्न मिळते. जवळच वळवण, तुंगार्ली, पवना यांसारखे जलाशय आहेत. मोठे वटवाघूळ उडता उडता पाण्यावर पोट टेकवते व ओले केस चाटून तहान भागवते, त्यामुळे विस्तीर्ण उघडे पाणी त्यास उपयोगी पडते. उंच झाडे, अन्न, पाणी व शिकाऱ्यांपासून थोडीफार सुरक्षितता या चार गोष्टी जेथे मिळतील तेथे ती राहतात, मग ते रान असो वा बाजारपेठ.

रात्रीची पेरणी

फलाहारी वटवाघूळ फळ चावते, रस गिळते आणि चोथा थुंकून टाकते. उंबर, वड, पिंपळ यांचे बी मोहरीहूनही बारीक असल्यामुळे ते रसाबरोबर पोटात जाते आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात विष्ठेवाटे बाहेर पडते. तेवढ्या अवधीत प्राणी कित्येक किलोमीटर दूर गेलेला असतो. जांभूळ, बेहडा, देशी बदाम, आंबा यांची मोठी बी मात्र गिळता येत नाही. अशी फळे तो तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतो, तेथे निवांत खातो व बाठा खाली टाकतो. त्यामुळे मूळ झाडाच्या सावलीपासून दूर बी पडते. मोठे वटवाघूळ एका रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर वा त्याहून अधिक अंतर सहज कापते.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. फळे खाणारे बहुतेक पक्षी फांदीवर बसून शिटतात, त्यामुळे त्यांनी नेलेले बी पुष्कळदा झाडाखालीच पडते. वटवाघळे उडतानाही विष्ठा टाकतात. परिणामी झाडे नसलेल्या उघड्या माळावर, कातळावर, दरड कोसळलेल्या उतारावर बी पोचवण्याचे काम त्यांच्याकडून अधिक होते. मावळातील डोंगरउतारांवर पावसाचा मारा किती जबर असतो, हे येथील रहिवाशांना सांगावयास नको. उंबर-वडासारखी झाडे कातळाच्या भेगांतही मुळे रोवतात आणि माती धरून ठेवतात. शिवाय एक उंबर वाढला की त्याच्या फळांवर धनेश, हरियाल, कोकीळ, खारी, माकडे असे अनेक जीव येतात व आपल्याबरोबर इतर झाडांचे बी आणतात. एका उंबराभोवती हळूहळू रान जमू लागते, ते असे.

पुणे परिसरातील देवरायांचा अभ्यास डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. देवरायांत उंबर, वड, जांभूळ व बेहडा यांसारखी जुनी झाडे टिकून राहिली आहेत. दोन देवरायांच्या दरम्यान शेते, रस्ते व वसाहती आल्या, तरी बियांची ने-आण चालू राहावी, यासाठी लांब उडणारे पक्षी आणि वटवाघळे हेच दुवे उरले आहेत.

फुलांचे सोबती

बीजप्रसाराइतकेच दुसरे कार्य परागणाचे. काही झाडांची फुले रात्री उमलतात. ती फिकट रंगाची वा जाड पाकळ्यांची, उग्र वासाची आणि भरपूर मध असलेली असतात. टेटू, पांढरी सावर, गोरखचिंच ही अशी झाडे. काटेसावरीच्या फुलांवर दिवसा पक्षी व रात्री वटवाघळे येतात. मोहाच्या परागणातही वटवाघळांचा सहभाग दिसून आला आहे. मध चाटताना त्यांच्या केसांना पराग चिकटतो आणि दुसऱ्या झाडावर जातो. एकाच झाडाचे पराग त्याच झाडावर पडण्यापेक्षा दूरच्या झाडाचे पराग मिळाले, तर पुढील पिढी सशक्त होते. आग्नेय आशियातील ड्यूरियन या मौल्यवान फळाचे उत्पन्न तर मोठ्या अंशी वटवाघळांवरच अवलंबून आहे.

तक्रारी आणि त्यांचे निराकरण

वटवाघळांची बाजू मांडताना तक्रारी खोट्या ठरवण्याचे कारण नाही. त्या एकेक करून पाहणे योग्य ठरेल.

फळबागांचे नुकसान ही पहिली तक्रार. आंबा, चिकू, पेरू या फळांची हानी होते, हे खरे आहे. यावर झाड वाचवणारे उपाय आहेत. फळांना कागदी वा कापडी पिशव्या बांधणे, परिपक्व फळे वेळेवर उतरवणे आणि करंगळी शिरणार नाही अशा बारीक विणीची पांढरी जाळी चौकटीवर ताणून बसवणे हे त्यांपैकी प्रमुख होत. सैल, मोठ्या भोकांची नायलॉनची जाळी टाकू नये. तीत वटवाघळांबरोबर घुबडे व सापही अडकून मरतात. ठार मारण्याचा उपाय कितपत साधतो, याचे उदाहरण मॉरिशसचे आहे. मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या या बेटावर लिची व आंबा वाचवण्यासाठी २०१५ व २०१६ मध्ये सरकारी आदेशाने हजारो फलाहारी वटवाघळे मारण्यात आली. फळांच्या उत्पन्नात अपेक्षित वाढ झाली नाही. उलट केवळ त्या बेटसमूहातच आढळणारी ती जात २०१८ मध्ये जागतिक यादीत संकटग्रस्त ठरली.

दुसरी तक्रार घाण व वास यांची. वसाहतीच्या झाडाखाली बसण्याचे बाक, पाण्याची टाकी, खाद्यपदार्थांची गाडी वा वाहनतळ असू नये, ही साधी खबरदारी पुष्कळ त्रास वाचवते. झाडाभोवती कुंपण घालून आत पालापाचोळा राहू दिल्यास विष्ठा मातीत मिसळून खत होते. विहिरी व टाक्या झाकलेल्या असाव्यात. बंदिस्त गुहेत साठलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचा विकार होऊ शकतो, म्हणून तेथे तोंडाला मुखपट्टी बांधल्याशिवाय जाऊ नये.

तिसरी आणि सर्वांत गंभीर बाब रोगाची. निपाह विषाणूचा नैसर्गिक आश्रय फलाहारी वटवाघळांत आहे, हे सिद्ध झाले आहे. १९९८-९९ मध्ये मलेशियात तो प्रथम ओळखला गेला. तेथे फळझाडांखाली डुकरांचे गोठे होते व वटवाघळांची उष्टी फळे डुकरांनी खाल्ली. भारतात २००१ मध्ये सिलिगुडी येथे व २०१८ मध्ये केरळात त्याचा उद्रेक झाला. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने महाबळेश्वर येथील गुहेतून गोळा केलेल्या नमुन्यांत गुहेतील फलाहारी वटवाघळांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. ते वृत्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे सावधगिरी हवीच. पण ती कोणती? बांगलादेशात हा रोग मुख्यतः खजुरीच्या कच्च्या रसातून पसरला, कारण रात्री मडक्यांवर वटवाघळे येत. मडक्याभोवती बांबूचे विणलेले झाकण बांधल्यावर ती रसापर्यंत पोचू शकली नाहीत. आपल्याकडेही नीरा काढणाऱ्यांनी मडकी झाकावीत. चावलेली वा कुरतडलेली फळे खाऊ नयेत व जनावरांनाही घालू नयेत. इतर फळे धुऊन खावीत. जखमी वा मेलेल्या वटवाघळास उघड्या हाताने शिवू नये. ते चावले वा ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

वसाहत उधळून लावणे मात्र आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही. घाबरलेले, उपाशी प्राणी विखुरतात, नव्या ठिकाणी जातात, आणि हाताळणाऱ्या माणसांचा त्यांच्याशी नको तो संपर्क येतो. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने देशात अनेक ठिकाणी वटवाघळांची झाडे तोडण्याची मागणी झाली. तेव्हा दक्षिण आशियातील साठाहून अधिक तज्ज्ञांना एकत्र येऊन सांगावे लागले, की आपल्याकडील वटवाघळांपासून माणसांत ती साथ पसरत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ शेकडो वटवाघळे मरून पडली व गावकरी भयभीत झाले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा मृत्यूचे कारण कडक उष्मा हे निघाले. ज्या सावलीवर ती जगतात ती सावलीच कमी झाली, तर असे प्रसंग वाढणार, हे उघड आहे.

चौथी गोष्ट किल्ल्यांची व जुन्या वाड्यांची. तटाच्या भेगांतून वड-पिंपळ उगवतात व दगड फोडतात. त्यात पक्ष्यांबरोबर वटवाघळांचाही हात आहे. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या लोहगडासारख्या वास्तूवरील अशी रोपे लहान असतानाच पुरातत्त्व खात्याच्या मार्गदर्शनाखाली काढणे आवश्यक आहे. काढलेली रोपे फेकून न देता माळावर लावल्यास तोट्यातून लाभ होईल.

एक पिलू, एक वर्ष

मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षातून एकच पिलू होते. सुमारे पाच महिन्यांच्या गर्भावधीनंतर ते बहुधा फेब्रुवारी ते मे या काळात जन्मते. पहिले काही आठवडे आई त्यास छातीशी घेऊन उडते. पुढे ते झाडावरच राहते आणि उडण्यास सुमारे अडीच-तीन महिने लागतात. समजा, एका झाडावर चारशे वटवाघळे आहेत आणि त्यांत विणाऱ्या माद्या दीडशे आहेत. तर वर्षाला फार तर दीडशे पिले होतील, आणि तीही सर्व जगणार नाहीत. उंदीर वा कावळे यांच्याप्रमाणे ही संख्या भराभर भरून येत नाही.

या हिशेबातून एक प्रशासकीय प्रश्न निर्माण होतो. नगरपरिषदा व वीज वितरण यंत्रणा पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत करतात. नेमका तोच काळ न उडणाऱ्या पिलांचा असतो. फांदी कोसळली की पिले खाली पडतात आणि त्या वर्षाची पिढी एका दुपारी नष्ट होते. वसाहत असलेल्या झाडांची अत्यावश्यक छाटणी पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, लटकण्याच्या मुख्य फांद्या राखून करावी. त्यात खर्च वाढत नाही, केवळ वेळापत्रक बदलावे लागते.

कायद्याची बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत फलाहारी वटवाघळे कावळे, उंदीर यांच्यासह ‘उपद्रवी’ म्हणून नोंदली होती. पन्नास वर्षे हा शिक्का कायम राहिला. २०२२ च्या सुधारणेने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ती अनुसूचीच रद्द झाली. त्यामुळे ‘उपद्रवी प्राणी’ या नावाखाली मिळणारी सरसकट मोकळीक आता उरलेली नाही. वसाहतीबाबत कोणतीही कारवाई करण्यापूर्वी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचा लेखी सल्ला घ्यावा. नागरी भागातील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून विशेष स्थान मिळाले आहे. वटवाघळांची बहुतेक झाडे या वयाची असतात. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. गावातील वसाहतीचे झाड, त्याचे अंदाजे वय, वटवाघळांची संख्या व ती केव्हापासून आहेत याविषयी वृद्धांनी दिलेली माहिती या नोंदवहीत जावी. लेखी नोंद नसलेले झाड रस्तारुंदीकरणात सर्वांत आधी जाते.

शाळांसाठी एक उपक्रम

या विषयाचा अभ्यास करण्यास महागडी साधने लागत नाहीत. महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेस, शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी वसाहतीपासून पुरेशा अंतरावर, पश्चिमेचे उजळ आकाश समोर येईल असे उभे राहावे. सूर्यास्तापूर्वी दहा मिनिटे निरीक्षण सुरू करावे. दोघांनी मिळून एकेक दिशा वाटून घ्यावी आणि बाहेर पडणारी वटवाघळे दहा-दहाच्या गटाने मोजावीत. सलग दहा मिनिटे एकही बाहेर पडले नाही की मोजणी थांबवावी. वहीत तारीख, सूर्यास्ताची वेळ, पहिले वटवाघूळ निघाल्याची वेळ, दिशावार संख्या, हवामान आणि परिसरात फुललेली वा फळलेली झाडे यांचे रकाने आखावेत. टाळ्या वाजवणे, विजेरीचा झोत टाकणे वा दगड मारणे कटाक्षाने टाळावे.

अशा नोंदी दोन-तीन वर्षे सातत्याने ठेवल्यास संख्या कोणत्या महिन्यात वाढते, कोणत्या महिन्यात घटते, उंबर फळल्यावर उड्डाणाची दिशा बदलते काय, अशा प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकडेवारीतून मिळू लागतील. आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे या नोंदी पाठवल्यास त्यांचा शास्त्रीय उपयोगही होऊ शकेल.

स्थानिक संस्थांनी काय करावे?

वर दिलेल्या माहितीवरून ग्रामपंचायती व नगरपरिषदा यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट होतात. वसाहतीच्या झाडांची यादी करावी व त्यांची छाटणी फेब्रुवारी ते जुलै या काळात थांबवावी. झाडाखालील बैठका, टपऱ्या व पाण्याच्या टाक्या हलवाव्यात. झाडालगतच्या उघड्या वीजतारांना आवरण घालण्याची मागणी करावी, कारण दोन तारांना एकाच वेळी पंख लागून अनेक मोठी वटवाघळे मरतात. संक्रांतीच्या सुमारास नायलॉनच्या मांजावरील बंदी अमलात आणावी आणि दिवाळीत वसाहतीजवळ मोठे फटाके उडवू देऊ नयेत. तमिळनाडूत काही गावे वटवाघळांखातर दिवाळीत फटाके वाजवत नाहीत. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातील सरसई गावी तर वटवाघळांना ग्रामरक्षक मानले जाते. वृक्षारोपणाच्या यादीत केवळ शोभेच्या विदेशी झाडांऐवजी उंबर, वड, जांभूळ, बेहडा, काटेसावर यांचा समावेश करावा, म्हणजे रानातच अन्न मिळून बागांवरील ताण कमी होईल.

ग्रामसभेपुढे येणाऱ्या त्या अर्जाकडे आता पुन्हा वळू. अर्जदाराचा त्रास खरा असतो व त्याची दखल घेणे हे कर्तव्यच आहे. टपरी हलवता येते, टाकी झाकता येते, छाटणीचा महिना बदलता येतो. झाड मात्र एकदा गेले की परत आणता येत नाही. मावळचे डोंगर हिरवे राहावेत यासाठी आपण दर पावसाळ्यात रोपे लावतो, खड्डे मोजतो व त्यांवर खर्च करतो. तेच काम काही प्रमाणात रोज रात्री, विनामोबदला, ज्यांच्याकडून होत आले आहे, त्यांना दिवसा लटकण्यापुरती एक फांदी राखून ठेवणे अवघड नाही. अर्जावर सही करण्यापूर्वी सरपंचांनी व मुख्याधिकाऱ्यांनी एका संध्याकाळी त्या झाडापाशी जाऊन वटवाघळांचे बाहेर पडणे स्वतः पाहावे आणि मगच निर्णय द्यावा.